लाटसाहेबांची भिंत

ठेकेदार : नाही मिस्त्री, मुद्द्याचंच सांगतोय. पण मुद्दा जरा आत आहे. भिंतीच्या पोटात.

मिस्त्री : मग वरचा गिलावा लवकर उतरव. अर्धा तास झाला, तू अजून टेम्पोवर काय रंगवलंयस तेच सांगतोयस.

ठेकेदार : कारण सगळं तिथूनच सुरू झालं. 'जुन्यातून नवं. एकही वीट वाया जात नाही.' दोन्ही बाजूंना, पिवळ्यावर हिरव्या अक्षरांत. आता तुम्ही मला ओळखता. गेल्या वर्षापर्यंत माझ्या लेखी जुन्या सामानाची जागा एकच, गावाबाहेरच्या खाणीचा खड्डा. दुकान पाडलं, टेम्पो भरला, खड्ड्यात उपडा केला, हात झटकले. पण हल्ली गिऱ्हाईक विचारायला लागलंय. जुन्या दारांचं काय करता, विटांचं काय करता. त्या दुसऱ्या ठेकेदाराने तशी पाटी लावली आणि त्याला ओळीने तीन कामं मिळाली. मग माझ्याही मनात एकदम निसर्गाबद्दल प्रेम दाटून आलं.

मिस्त्री : आणि खड्डा?

ठेकेदार : खड्डा तिथेच आहे. मी जरा कमी जातो.

मिस्त्री : पुढे.

ठेकेदार : पाटी वाचून एका बाईंचा फोन आला. कापडाच्या दुकानाच्या मालकीणबाई. दुकान आजोबांनी काढलेलं, वडिलांनी चालवलेलं, वडील गेले, आता त्या बघतात. पुढचं दुकान आणि मागचं गोदाम एक करून मोठं दालन काढायचं होतं. अट एकच. आत जे आहे त्यातलं काही बाहेर टाकायचं नाही. सागाच्या मांडण्या, तुळया, विटा, फरशी, सगळं हलक्या हाताने काढायचं, साफ करायचं आणि तिथेच परत वापरायचं. मी म्हटलं, बाई, हीच तर आमच्या घराण्याची रीत.

मिस्त्री : घराण्याची.

ठेकेदार : तोंडातून गेलं. आमच्या घराण्यात जपून ठेवलेली जुनी वस्तू म्हणजे माझे सासरे. तर असो. पुढच्या दुकानात नक्षीच्या सिमेंट टाइल्स होत्या, साठ वर्षांपूर्वीच्या, काळ्या-तांबड्या वेलीच्या. त्या उचलून, घासून, फुटलेल्यांच्या जागी तशाच नव्या ओतून कोण देईल, असं बाईंनी विचारलं. मी तुमच्या लेकीचं नाव सांगितलं. एवढं एक चांगलं काम मी केलं. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दुसरं सापडणार नाही.

मिस्त्री : हळू बोल. मागच्या शेडमध्ये मशीन लावून बसली आहे ती. मघाशी तुझा आवाज ऐकला तेव्हापासून जरा जास्तच जोरात घासतेय.

ठेकेदार : तिचं बरोबरच आहे. बरं, तर टाइल्स तिच्याकडे गेल्या आणि काही दिवसांनी गोदामाला हात घातला. त्याचा तिसरा दिवस. मागच्या रस्त्यासाठी जागा सोडायची म्हणून गोदामाची मागची भिंत पाडून पुढे घ्यायची होती. चौदा इंचांची, जाडजूड. वर पोटमाळा, त्याच्या दोन तुळया ह्याच भिंतीवर टेकलेल्या. तुळयांना खालून टेकू दिले, आणि मुहूर्ताची पहार मीच मारली, कारण मालकीणबाई बघत होत्या. पहिल्याच ठोक्याला पहार आत गेली. आरपार म्हणावं तशी. आणि भोकातून मिस्त्री, जे काही बाहेर यायला लागलं! विटांचे तुकडे, फुटक्या कौलांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, एक तुटकी चप्पल. बाहेरून अर्धी वीट, आतून अर्धी वीट, आणि मधे नुसता राडारोडा. भिंत कसली, प्लास्टर केलेली कचरापेटी.

मिस्त्री : हं.

ठेकेदार : आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी भाषण केलं. सगळे कामगार जमले होते, बाई होत्या, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, बाई, ह्याला काम म्हणत नाहीत, ह्याला पाप म्हणतात. ज्याने हे केलं त्याच्या हातात थापी तर सोडाच, जेवायला चमचासुद्धा देऊ नये. वर पोटमाळ्यावर कापडाचे गठ्ठे, खाली माणसं, आणि मधे हे असलं. असा माणूस आज समोर आला तर मी त्याला ह्याच भोकात उभा करून विटांनी बुजवीन, आणि ती भिंत मात्र पक्की बांधीन. टाळ्या पडायच्या बाकी होत्या.

मिस्त्री : आणि तुला ती भिंत ओळखू आली नाही.

ठेकेदार : कशी येणार? बावीस वर्षं झाली. तेव्हा आपण मागच्या गल्लीतून जायचो, थेट गोदामात. पुढचं दुकान मी कधी पाहिलंच नव्हतं. आता मागे मोठा रस्ता झालाय, गल्ली गेली, पुढे काचा लागल्यात. थोडं ओळखीचं वाटलं, नाही असं नाही. पण मला प्रत्येकच गोदाम ओळखीचं वाटतं. एक मिनिट. तुम्हाला कसं कळलं कोणती भिंत ते? मी अजून सांगितलं कुठे?

मिस्त्री : तू सांग. मी ऐकतोय.

ठेकेदार : बरं. आमच्याकडे विटा वाहायला एक मावशी आहेत. साठीला आल्यात आणि सध्या प्रौढांच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकतायत. त्यामुळे जे दिसेल ते मोठ्याने वाचतात. गोणीवरचं 'ओलाव्यापासून जपा' वाचतात, माझ्या टेम्पोची पाटी तर रोज सकाळी वाचतात. माझं भाषण चालू असताना त्या पोटमाळ्यावर होत्या. तिथली मांडणी हलवली, तर मागच्या गिलाव्यावर अक्षरं. ओल्या गिलाव्यात खिळ्याने कोरलेली. मावशी लागल्या वाचायला. 'बां... ध... णा... रा.' मी खाली हात उंचावून उभा. 'ला... ट... सा...' मिस्त्री, माणसाला स्वतःचं नाव इतक्या सावकाश कधी ऐकायला मिळू नये. 'हेब.' मग थोडा वेळ थांबल्या. मला वाटलं संपलं. तर म्हणाल्या, अजून एक आहे, अवघड आहे. 'स्व... तः.'

मिस्त्री : बांधणारा, लाटसाहेब, स्वतः.

ठेकेदार : स्वतः.

मिस्त्री : हे नाव मीच ठेवलं होतं तुझं. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सिमेंट कालवायला आला होतास.

ठेकेदार : तुम्ही शिवी म्हणून दिलंत, मी पदवी म्हणून घेतलं. त्या क्षणी मला सगळं दिसलं. ते गोदाम, बुजवायचं ते मागचं दार, आपण फोडलेली कमान आणि त्या कमानीचा खाली पडलेला ढीग. तुम्ही काकूंना घेऊन दवाखान्यात. मी तेवीस वर्षांचा, आणि भिंत एकट्याच्या हवाली. तो ढीग हातगाडीने गल्लीबाहेर न्यायचा म्हणजे चार खेपा. आणि मला रोज पाच वाजता बसस्टॉपवर पोचायचं असायचं, औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी तिथे बसची वाट बघायची. म्हटलं, ढीग बाहेर न्यायचा कशाला? भिंतीचं पोट आहेच की. म्हणजे बघा, आज लोक मला जुन्या सामानाचा पुनर्वापर शिकवतात, मी तो बावीस वर्षांपूर्वीच करून बसलोय. वर सहीसुद्धा ठोकलीय. आणि त्या भिंतीत अर्धा वाटा माझ्या बायकोचा आहे, पण हे तिला सांगायची माझी छाती नाही.

मिस्त्री : मग तू तिथे बोललास काय?

ठेकेदार : म्हटलं, कोणीतरी लाटसाहेब असेल. आणि हसलो. मग सगळेच हसले. तिथे थांबलं असतं तर बरं होतं, पण त्या दिवसापासून कामगारांना एक शब्दच मिळाला. खिळा वाकडा गेला की लाटसाहेबी काम. दार घासलं की लाटसाहेब येऊन गेले. डब्यातल्या भाजीत मीठ कमी पडलं तरी लाटसाहेबांनी केलीय वाटतं. आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. एकदा तर एकाच्या हातून फळी निसटली, तर माझ्याच तोंडून गेलं, नीट धर, लाटसाहेब आहेस का. बोललो आणि वाटलं, जीभ काढून त्या राडारोड्यात टाकावी.

मिस्त्री : इथपर्यंत तू नुसता गाढव आहेस. एवढं सांगायला तू पडलेल्या चेहऱ्याने आला नसतास.

ठेकेदार : नाही. पुढे आहे.

मिस्त्री : मग हसणं थोडं बाजूला ठेव आणि सांग.

ठेकेदार : बाईंचे वडील कागद टाकणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाई एक जुनी फाइल घेऊन आल्या. त्यात त्या कामाचा कागद. मागचं दार बुजवून चौदा इंची पक्की भिंत, आणि खाली तुमचं नाव, तुमची सही. आडनाव बघून त्यांनी मला विचारलं, टाइल्सवाली मुलगी ह्यांचीच का? मी म्हटलं, असेल.

मिस्त्री : असेल.

ठेकेदार : असेल. नऊ वर्षं तुमच्या हाताखाली शिकलो. तुमच्या घरी जेवलो. माझ्या लग्नात तुम्ही उभे होतात. आणि मी म्हटलं, असेल. बाई म्हणाल्या, ज्या घरातून अशी भिंत आली, त्या घरात माझ्या आजोबांची फरशी द्यायचा मला धीर होत नाही. तुम्ही तिला काहीतरी कारण सांगा आणि टाइल्स परत आणा. तेव्हा मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मी मान हलवली. मग इथे फोन केला आणि तुमच्या लेकीला सांगितलं की मालकीणबाईंचा बेत बदललाय, नवीन फरशी टाकायचं म्हणतायत. ती एवढंच म्हणाली की निम्म्या घासून झाल्यात, त्यांचं काय. मी म्हटलं, टेम्पो पाठवतो.

मिस्त्री : तो हिरव्या अक्षरांचा.

ठेकेदार : तोच. तीन दिवस माझ्या मनाने फार छान छान कारणं काढली. म्हटलं, तिला कामं काय कमी आहेत. म्हटलं, मिस्त्री आता कामावर जात नाहीत, त्यांच्या नावाला आता काय धक्का लागणार. असा वकील मला कोर्टात मिळाला असता तर मी खून करूनही सुटलो असतो. चौथ्या दिवशी टेम्पो परत आला. टाइल्स मी स्वतः उतरवायला घेतल्या. प्रत्येक टाइल गोणपाटात गुंडाळलेली. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा. आणि वर एक कागद. त्यावर पूर्ण फरशीचं चित्र, कोणत्या आकड्याची टाइल कुठे बसते ते. अकरा फुटलेल्या, त्यांतल्या सात तिने नव्या ओतल्यात, चार राहिल्यात. त्या चारांसाठी रंगाचं प्रमाण लिहून दिलेलं. आणि सगळ्यांत खाली, बसवण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवाव्यात.

मिस्त्री : मला दाखवला होता तिने तो कागद.

ठेकेदार : काम काढून घेतलंय. दुसरं कोणी बसवणार आहे की कोणीच नाही, हेही तिला ठाऊक नाही. तरी त्या माणसाची गल्लत होऊ नये म्हणून दोनशे ऐंशी टाइल्सवर आकडे घातले. आणि मी चार खेपा वाचवल्या होत्या. मी टेम्पोच्या फळीला पाठ लावून खाली बसलो. मावशी आल्या, त्यांना वाटलं मला उन्हाने चक्कर आलीय, पाणी आणून दिलं.

मिस्त्री : मग?

ठेकेदार : मग घरी गेलो आणि बायकोला सांगितलं, उद्या खरं बोलणार आहे. तिने विचारलं, कोणाशी? म्हटलं, मालकीणबाईंशी. म्हणाली, फार वर्षांनी करताय, आधी थोडं पाणी पिऊन घ्या. सकाळी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिथे गेलो आणि सुरुवातच मुळी चुकली. मी बोलायला लागलो त्या काळच्या सिमेंटविषयी. मग वाळूविषयी. मग हातगाड्यांविषयी. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? तेव्हा म्हटलं, लाटसाहेब मी. मिस्त्री तिथे नव्हते, त्यांच्या घरात आजारपण होतं. भिंत माझी, कचरा माझा, आणि त्या मुलीचा ह्यात काडीचाही संबंध नाही.

मिस्त्री : कामगार होते?

ठेकेदार : सगळे. एकही हसला नाही. ते जास्त लागलं. फक्त मावशींनी डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं आणि विचारलं, मग ते 'स्वतः' कशाला लिहिलंत हो, माझं किती अडलं त्याच्यापाशी.

मिस्त्री : आणि बाई?

ठेकेदार : बाई त्या भोकापाशी गेल्या. मग म्हणाल्या, त्या तुळईच्या खाली माझे वडील बसायचे. रोज दुपारी तिथेच डबा उघडायचे, अठरा वर्षं. एवढंच म्हणाल्या. आवाजसुद्धा चढवला नाही. मी पायाशी पडलेले विटांचे तुकडे उचलून घमेल्यात भरायला लागलो.

मिस्त्री : मग?

ठेकेदार : मग म्हणाल्या, तिथे आता नवी भिंत लागणार, थोडी पुढे घेऊन. ती तुम्ही बांधायची. माणसं लावून नाही, हाताने. इथल्याच विटा साफ करून, आणि आतून बाहेरून भरीव. मी म्हटलं, बांधतो. पंधरा वर्षांत थापी धरलेली नाही, खाली वाकलो की पोट मधे येतं, पण म्हटलं बांधतो. वर त्यांनी गिलाव्याचा तो तुकडा अखंड कापून काढायला लावलाय. नव्या भिंतीत बसवणार आहेत, डोळ्यांच्या उंचीवर. मी म्हटलं, बाई, तेवढं खाणीत जाऊ द्या. तर म्हणाल्या, टाकायचं काही नाही असं आपलं ठरलंय. म्हणजे आता येणारं जाणारं गिऱ्हाईक कापड बघता बघता मलाही बघून जाणार.

मिस्त्री : आणि फरशी?

ठेकेदार : फरशी तिनेच करावी असं त्यांचं म्हणणं आहे. त्या स्वतः येऊन तिची माफी मागणार आहेत. पण म्हणाल्या, त्याआधी तुम्ही जाऊन खरं काय ते सांगा, माझ्या तोंडून ते तिला कळू नये. म्हणून आलो. आणि आल्यापासून टेम्पोचा रंग सांगत बसलोय.

मिस्त्री : मागे बघ.

(शेडमधलं मशीन बंद आहे. लेक दारात उभी, हात कोपरापर्यंत सिमेंटच्या पाण्याने पांढरे.)

ठेकेदार : कधीपासून ऐकतेयस?

लेक : बसस्टॉपपासून कान इकडेच होते. तुम्ही 'असेल' म्हणालात तेव्हा मशीन बंद केलं.

ठेकेदार : म्हणजे मुख्य भाग सापडला तुला. आधीची नुसती नांदी होती. मी काय म्हणतो, तुझ्याकडे एखादी जड टाइल असेल तर आण, मी डोकं पुढे करतो.

लेक : दादा, नको. तुम्ही असे स्वतःलाच हसायला लागता ना, मग समोरच्याला रागवायला जागाच उरत नाही. मला रागवायचंय.

ठेकेदार : बरं.

लेक : इतके दिवस मी माझ्या कामात चूक शोधतेय. तुमचा फोन आल्यावर मला वाटलं, बाईंना नमुन्याची टाइल आवडली नसणार. रंग दोनदा तपासला. कडा मोजल्या. दुसऱ्या एका ठिकाणी काम बघायला बोलावलं होतं, तिथे गेले नाही. म्हटलं, आपलंच काहीतरी कमी पडतंय, आधी ते सापडू दे. तुम्हाला सुचलं कसं ते, नवीन फरशी टाकायचं म्हणतायत?

ठेकेदार : पहिलं जे तोंडात आलं ते बोललो. तुझं काम माझ्यामुळे गेलं आणि मी तुला खोटं सांगितलं. तुझ्या बाबांच्या नावावर माझी घाण पडली आणि मी बाजूला उभा राहिलो. मला माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते, पण म्हणतो.

मिस्त्री : त्याला एकट्याला नको बोलूस.

लेक : बाबा, तुम्ही मधे पडू नका. तुमचंच नाव गेलं ना?

मिस्त्री : गेलं ते ठीकच गेलं. मला माहीत होतं.

ठेकेदार : काय माहीत होतं?

मिस्त्री : भिंत. बारा दिवसांनी मी कामावर परत आलो. तू गिलावा करून, हात धुऊन उभा होतास, बक्षीस मिळणार असल्यासारखा. मी भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं. भरीव भिंत उत्तर देत नाही. ही रिकाम्या डब्यासारखी बोलली. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं. मग मनात आलं, पाडायची म्हणजे पुन्हा आठ दिवस तिथे अडकणार. हिची आई नुकती घरी आली होती, उठून पाणी घ्यायची ताकद नव्हती तिच्यात. मी तोंड मिटलं आणि कागदावर सही केली.

ठेकेदार : आणि मला बावीस वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत?

मिस्त्री : तुला बोललो असतो तर आधी मलाच ती पाडायला घ्यावी लागली असती. तू तेवीस वर्षांचं पोर होतास. मिस्त्री मी होतो.

लेक : मी पहिली टाइल घरी आणली, तुम्हाला दाखवली, तेव्हा?

मिस्त्री : तेव्हाच ओळखलं कुठली ते. त्या मालकाने एकदा मला पुढे नेऊन कौतुकाने दाखवली होती ती फरशी. तू सांगितलंस, मागचं गोदामही पाडणार आहेत. मी रोज इथे बसून म्हणत होतो, मागची भिंत तेवढी राहू दे. काम गेलं म्हणून तू सांगितलंस तेव्हाही मला कारण कळलं होतं. तुझ्या रंगात खोट नाही, हे मी म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही.

लेक : इथे बसून मी कडा मोजताना बघत होतात.

मिस्त्री : हो.

ठेकेदार : अगं, काकूंचं तेव्हा...

लेक : दादा, ते मला आठवतंय. मी आठ वर्षांची होते. आई दवाखान्यात, बाबा तिच्यापाशी, आणि मला शाळेतून आणायला तुम्ही यायचात. सायकलवरून. पाच वाजता शाळा सुटायची आणि तुम्ही दारात उभे असायचात. बारा दिवसांत एकदाही उशीर नाही झाला. आणि मघाशी सांगताय, बसस्टॉपवर मुलगी बघायला जायचो.

ठेकेदार : बसस्टॉप शाळेच्या समोरच होता. दोन्ही खरं आहे.

लेक : मग एकच का सांगितलंत?

ठेकेदार : दुसरं सांगितलं असतं तर निमित्त सांगितल्यासारखं झालं असतं. आणि तुला सायकलवर घेऊन चार खेपा नंतरही करता आल्या असत्या. मी केल्या नाहीत.

लेक : म्हणजे तुम्हा दोघांना वाटतंय की मी आता कोणावर रागवायचं तेच मला कळू नये.

मिस्त्री : माझ्यावर रागव. मी घरातच आहे, सोयीचं पडेल.

लेक : बाबा, तुम्हीही नका सुरू करू.

मिस्त्री : बरं.

लेक : मला काही दिवस लागतील. तुमच्या बाबतीत जास्त, बाबा. ह्यांना निदान टाइल्स उतरवताना तरी काहीतरी वाटलं. तुम्ही रोज समोर होतात.

मिस्त्री : हो. आहे तसं.

ठेकेदार : फरशीचं काय करतेस? नाही म्हणालीस तरी मी बाईंना तसंच सांगेन. तुझा राग असा आहे आणि तो बरोबर आहे, असं सांगेन. नवं काही रचणार नाही.

लेक : फरशीने माझं काय वाकडं केलंय? चार टाइल्स ओतायच्या राहिल्यात. साचा अजून मोडलेला नाही. पण बाईंनी माफी मागायला इथे येऊ नये. मी तिथे जाईन, ती भिंत होती ती जागा आधी बघीन, मग बोलू. आणि बाबांनीही त्यांना सांगायचं, सही का केली ते.

मिस्त्री : येतो उद्या. शिडी चढणं आता जमत नाही मला, पण खाली बसून विटा साफ करता येतील. चुना निघायला वेळ लागतो. हा एकटा करत बसला तर दालन उघडायच्या दिवशीही हा आत विटाच खरवडत असेल.

ठेकेदार : तुम्ही माझ्या हाताखाली विटा साफ करणार?

मिस्त्री : हाताखाली नाही, शेजारी. भिंत दोघांची आहे.

ठेकेदार : मग गाडी आठला आणतो. समोरच्या जागेवर तुम्ही बसा, मी मागे टाइल्सबरोबर... नाही, टाइल्स तिथेच आहेत. माझं डोकं चालत नाहीये आज.

लेक : टाइल्स तिथे कुठे ठेवल्यात?

ठेकेदार : गोदामाच्या कोपऱ्यात. नीट रचून. एकावर एक.

लेक : आडव्या?

ठेकेदार : आडव्या.

लेक : आत्ता जा आणि उभ्या करून ठेवा, एकीला एक टेकवून. आडव्या रचल्या की सगळा भार खालचीवर येतो. ती तडकते, आणि वरच्यांना पत्ताही लागत नाही.